सीट नंबर अकरा

सकाळी आठला स्टँडसमोरून सुटली गाडी,
सोळा सीटची, मागे बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या.
गाइड रेणुका म्याकल, असेल बावीस-तेवीसची,
माइक ओठांना इतका चिकटलेला
की तिचा प्रत्येक 'प' फुटत होता.
कुठून आलात, तिनं एकेकाला विचारलं.
नागपूर. नागपूर. लातूर. नाशिकचे नवराबायको.
मी म्हटलं, पुणे.
खोटं नव्हतं.
सव्वीस वर्षं पुण्यातच येतं माझ्या नावाचं वीजबिल.

आधी किल्ला. हा भुईकोट, रेणुका म्हणाली,
कारण इथं डोंगरच नाही.
लातूरचे काका हसले,
जशी काही डोंगर नसणं ही गावाची चूक.
नऊ वाजताच तटाचा दगड तापलेला.
शाळेची सहल आली होती याच दारापर्यंत,
आणि आत जायच्या आधीच कुणीतरी चिंचा वाटल्या होत्या.
इतिहास काही आठवेना. दात आंबले.

मग सिद्धेश्वराचं तळं.
चुरमुरे टाकले की मासे असे उसळतात
की पाण्याला उकळी फुटल्यासारखं वाटतं.
"ताई, जरा बाजूला होता?" नाशिकच्या बाई, फोन उंच धरून.
मी झाले बाजूला.
देऊळ छान आलं असेल त्यांचं.

जेवायला कडक भाकरी,
जी तोडायची नसते, फोडायची असते,
तिच्या आवाजावर सगळे खूश.
"शेंगाचटणी जपून हं, पुणेकर!" रेणुका माइकशिवायही तशीच बोलत होती.
मी घटाघटा पाणी प्याले,
तिखट लागलं नव्हतं तरी.

दुपारी पूर्व भाग.
पत्र्याच्या शेडमध्ये बारा माग, बाराही चालू,
रेणुकाचे ओठ हलताना दिसत होते,
नागपूरकर मान डोलवत होते न ऐकलेल्याला.
जेकार्डचे भोकाभोकांचे पुठ्ठे वर सरकत होते
आणि खाली चादरीवर मोर उतरत होता, शेपटीकडून.

मग वीज गेली.

धोटा मधेच थांबला, मोराच्या मानेपाशी.
सुताची तूस उन्हाच्या पट्ट्यात हळूहळू बसायला लागली.
या गल्लीत मी कधी न ऐकलेली शांतता,
आणि त्या शांततेत मागवाला ओरडला,
"करंट पोयिंदी!"
पलीकडचा त्याच्याहून जोरात, "एप्पुडोस्तदी?"
पाहुणे दचकले. त्यांना वाटलं, जुंपली.

भांडण नव्हतं. ते बोलत होते.
आमच्या घरी आई मीठसुद्धा मागायची
चार मागांच्या पलीकडून मागावं तसं.
पुण्यात पहिल्या वर्षी घरमालकीण दार वाजवायची,
सगळं ठीक ना?
मग मी आवाज कमी करत गेले, दरवर्षी थोडा,
दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करतात तसा.
आता फोनवर लेक म्हणते, आई, ऐकू येत नाही, नीट बोल.

कांड्या भरणाऱ्या म्हातारीनं स्टूल पुढं सरकवलं,
"कूसो अक्का!"
"वद्दू," मी म्हटलं.

एकच शब्द. पण केवढ्यानं.
पत्र्यावरून परत आला तो.
सीट नंबर एक ते दहा माझ्याकडे वळल्या,
लातूरच्या काकांचा आ तसाच राहिला,
म्हातारी मात्र पुढची कांडी शोधत होती,
तिच्या दृष्टीनं काही झालंच नव्हतं.
तेवढ्यात वीज आली. बारा मागांनी मला झाकलं.

दुकानात मी मोराची चादर घेतली, छापील किमतीला.
घासाघीस केली नाही. पाहुण्यांनी करायची नसते.
संध्याकाळी उतरताना रेणुकानं अभिप्रायाचा कागद दिला,
गावाच्या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं
आणि पेन उघडून दिलं.
गाव मी कोरं ठेवलं.
खाली, सूचना असल्यास, तिथं लिहिलं:
माइकची गरज नाही.