भिंतीचा प्रकार : इतर

फोनवरची मुलगी विचारते, भिंती कशाच्या?
मी म्हणते, मातीच्या.
ती म्हणते, म्हणजे विटांच्या ना?
नाही गं, विटेला भट्टी लागते. ही कच्चीच.
इथली लाल माती, बार्लीचा पेंढा,
बैलांच्या पायांखाली तुडवलेली, १७९० च्या सुमारास.
पलीकडची टकटक थांबते.
मग वाट बघायला लावणारं ते संगीत.
मग लीड्सहून दुसरी मुलगी. भिंती कशाच्या?

या आठवड्यात सात कंपन्या झाल्या.
एकीच्या यादीत वीट, दगड, काँक्रीट, लाकूड,
आणि सगळ्यांच्या खाली, इतर.
मी इतरवर बोट ठेवलं
तर लाल अक्षरं आली :
क्षमस्व, या वेळी आम्ही आपला विमा घेऊ शकत नाही.
या वेळी!
जसं काही पुढच्या मंगळवारी
माझं घर विटांचं होणार आहे.

डेव्हनच्या या खोऱ्यात निम्मं गाव इतर आहे.
पब इतर. चर्चमागचं कोठार इतर.
ग्वेंडा हॅनफर्डचं घर तर इतरांतलंही इतर,
वर गवताचं छप्पर.
तिनेच विचारलं, थिर्झा, विल्फ कसं करायचा गं?

विल्फ कसं करायचा.
बॉयलर, गटार, विमा, ही त्याची खाती.
मार्चमध्ये तो गेला
आणि खाती माझ्याकडे आली, बिस्किटांच्या डब्यातून.
बावीस पॉलिस्या, सालवार, रबर लावून.
पहिली उघडली. भिंतीचा प्रकार : वीट.
दुसरी. वीट.
मग मी उघडत राहिले नुसती,
त्याच्या त्या शाळामास्तरी अक्षरात
वीट, वीट, वीट,
एक अख्खी भिंत.

जिन्यावरच बसले मी.
दुकानदारानं चुकून जास्त दिलेले वीस पेन्स
परत करायला पावसात निघालेला माणूस हा.
ज्या वर्षी ओढा उंबऱ्याला लागला
त्या रात्री मी रडत होते, आणि हा म्हणाला,
विमा आहे ना, झोप.
आणि मी झोपले की!
तो झोपला का, ते आता कुणाला विचारू?
बावीस वर्षं उघड्यावर काढली आम्ही
आणि मला एकदाही थंडी वाजली नाही.

असली भिंत थापून थापूनच उभी राहते.
त्यानंही मारली एक थाप,
आणि वाळून तडा जाऊ नये म्हणून
दर सप्टेंबरात नवी सही करून
ओली ठेवली.

आठवी कंपनी एक्सेटरची, जिना चढून दोन खोल्या.
त्यांनी माणूस पाठवला, ओकशॉट नावाचा,
दोन सुयांचं यंत्र घेऊन.
खिडकीशी जाडी मोजली, सत्तर सेंटिमीटर.
पुन्हा मोजली.
उत्तरेला थोडी ओल आहे, म्हणाला.
असायचीच, म्हटलं.
स्वयंपाकघरात चुना पोपडला होता, तिथे तो वाकला.
मातीत चार बोटं उमटलेली, अंगठा नव्हता.
त्यानं आपली बोटं त्यात घालून पाहिली. बसेनात.
बाई असेल, नाहीतर पोरगं, म्हणाला,
आणि हात पँटला पुसून पुन्हा कागदाकडे वळला.

आधीचा विमा कुणाकडे होता?

चहाची किटली तेव्हाच शिट्टी घालायला लागली.
मी गॅस बंद केला. झाकण पुसलं. पुन्हा पुसलं.
नव्हता, म्हटलं.
बावीस वर्षं?
नव्हताच.

खोटं एक अक्षर नाही त्यात.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, जसं
गॅस चालू ठेवून बाहेर जाणाऱ्या म्हातारीकडे पाहतात.
पाहू दे.
दोन चमचे साखर घेतली त्यानं, आणि लिहीत राहिला.

हप्ता जवळजवळ दुप्पट आलाय.
छपराची वळचण ऑक्टोबरच्या आत दुरुस्त करायची, अशी अट आहे.
नवा कागद त्याच डब्यात ठेवायला गेले
तर झाकण बसेना.
रबर काढून बावीसच्या बावीस पुन्हा दाबून रचल्या,
वरून हाताने थापलं.
बसलं.