ताडपत्रीचा चौथा कोपरा

हवामान खात्यानं सांगितलं होतं, तुरळक.
धैर्यशील म्हणाला, तुरळक म्हणजे नाहीच समज.

मिरजेहून निघालो तेव्हा ऊन,
कराडात ऊन,
साताऱ्यात कंदी पेढे घेतले तेव्हाही ऊन.
कासच्या पुढं घाट उतरताना
आभाळ म्हशीच्या पाठीसारखं झालं
पण कुणी काही बोललं नाही.
सुट्टीत आभाळाचं नाव जो पहिल्यांदा काढतो
त्याच्याच माथी सगळा पाऊस येतो.

बामणोलीला, धरणाच्या पाण्याकाठी,
संकपाळांच्या वावरात तंबू ठोकला.
तंबू चौघांचा. आम्ही तिघं.
अनघा या दिवाळीत आली नाही.
पुण्यात नवीन नोकरी, रजा नाही,
आणि असती तरी
असं माझ्या मनात आलं, ते मी पेढ्याबरोबर गिळलं.

रात्री साडेनवाला तुरळक सुरू झाला.

आधी कुणी कापडावर बोटं वाजवावीत तसा.
मग मुठीनं. मग सुपानं.
मग पोतंच फाटलं.

ओजस टॉर्च घेऊन शिवणी तपासत होता,
ओरडत होता, कापडाला टेकू नका,
टेकलं की तिथनं गळतं, ताई सांगायची.
माझी पाठ तोवर टेकली होती.

वरचं पाणी निदान आवाज करतं.
खालचं मुकाट आलं.
सतरंजीत शिरलं, उशीत शिरलं,
भडंगाच्या पिशवीत शिरलं.
सांगलीचं कुरकुरीत भडंग
भिजवलेल्या पोह्यांगत मऊ,
तरी खाल्लं,
लसूण तेवढा ताठ राहिला होता.

चर कुणी खणला नाही?
धैर्यशीलनं विचारलं, तंबूच्या खांबाला विचारावं तसं.

चर दरवर्षी अनघा खणायची.
मीच का, मीच का, म्हणत,
आम्ही खुर्च्या टाकून चहा पीत बसलेलो
आणि तिच्या पाठीला चिखल.

मग गाडीतली ताडपत्री काढली.
एक कोपरा त्यानं धरला, एक ओजसनं, एक मी.
चौथा मोकळा सुटला, फडफडला,
धैर्यशीलच्या तोंडावर सटकन बसला,
शेवटी जांभळीला बांधला.
जांभळीला काही कळत नव्हतं.
वाऱ्यानं ती वाकायची,
ताडपत्रीच्या मधोमध पाण्याचं पोट सुटायचं,
ओजस कोपरा सोडून आत शिरायचा,
डोक्यानं ते पोट वर ढकलायचा,
आणि सगळं पाणी माझ्या अंगावर.
हसला. शाळा सुरू झाल्यापासून
हा मुलगा एवढा हसला नव्हता,
म्हणून मी जागा बदलली नाही.

संकपाळ वहिनी छत्री, कंदील घेऊन आल्या.
म्हणाल्या, वर घरात या की.
धैर्यशील म्हणाला, नको, मजा येतीय.
दात वाजत होते त्याचे.
मजा हाय व्हय, म्हणाल्या,
थोडा वेळ आमची मजा बघत उभ्या राहिल्या,
मग चहाची किटली आणि चार सुकी लाकडं
गाडीत ठेवून गेल्या.

पहाटे उघडलं.
पाण्यावर धुकं, पलीकडचा डोंगर अर्धाच.
दोघं गाडीत झोपलेले,
एकाचे पाय दुसऱ्याच्या खांद्यावर,
बुटांत कोंबलेला कालचा पेपर.

काठावरच्या एका खडकावर
मोबाइलला एवढीशी रेंज असते.
तिथं अनघाचे दोन मेसेज आले.
नऊ बेचाळीस: तिकडं सुरू झाला का? चर खणला ना?
नऊ सेहेचाळीस: वरच्या अंगाला खणा.
मागच्या वेळी पप्पांनी खालून खणला होता.
पुढं काही नाही.

मी लिहिलं, खणला.

मग परत आले,
खोऱ्या कुठं ठेवलीय आठवेना,
पिशवीतनं उलथनं काढलं,
आणि वरच्या अंगाला बसून
ओली लाल माती
हळूहळू उकरायला लागले.