रॉकेल आणि खडू

वडाळा नाक्याच्या आत, मुस्तकीमच्या वखारीत
सकाळचे सव्वाआठ. डिसेंबर. बोटं पत्र्याला चिकटावीत असा गारठा.
तीन ब्लॉक मांडून ठेवलेत. दोन मी लांबूनच सोडले:
एकाचा नंबर घासून पुन्हा ठोकलाय,
आकडे एका ओळीत उभे राहत नाहीत;
दुसऱ्याच्या कुशीतून कधीतरी कनेक्टिंग रॉड बाहेर आलाय,
तिथे वेल्डिंगचं ठिगळ आणि वर ताजा चंदेरी रंग.

तिसरा कॉन्टेसाचा. एक-आठचा, ओतीव लोखंड.
"शर्यतीतला आहे ताई," मुस्तकीम म्हणतो.
शर्यतीतला म्हणजे कुणीतरी त्याला जीव खाऊन पळवलाय.
हा गुण की दोष, ते मोजल्यावर कळेल.

मोजायची घाई नाही.
लोखंड रात्रभर उघड्यावर होतं,
माझा गेज स्वेटरच्या खिशात, अंगाच्या उबेला.
दोघांना आधी शेजारी बसू द्यायचं,
नाहीतर एखादा शतांश खोटं बोलतो,
कुणाच्याही मनात नसताना.
तोवर चहा.
तोवर हातोडीची एक टिचकी.
वाजतो. पण शेवटी आवाज जरा लवकर बसतो.

उलटा केला. पाच मेन कॅप, पाचांचे बाण पुढे.
मधल्या कॅपवरचं काळं तेल अंगठ्याने पुसलं
आणि खाली तीन ठिपके.
पंचाने मारलेले, बाजरीच्या दाण्याएवढे.

वाल्मीक मिस्त्री.
सातपूरला त्यांच्या बोअरिंग मशीनपाशी मी अकरा वर्षं उभी होते.
पहिली दोन नुसती चिप्स झाडत.
बिलावर सही करायचाही त्यांना कंटाळा,
पण जोडलेल्या प्रत्येक इंजिनाच्या मधल्या कॅपवर हे तीन.
"लोकांना दाखवायला नाही गं.
परत आलं, तर आपल्याला ओळखू यावं."

आलं परत.

गेज घातला. वर, मध्ये, खाली; आधी आडवा, मग उभा.
चौऱ्याऐंशी पॉइंट पाच. पाच. पाच. चौथ्यात चार शतांश जास्त.
एवढ्या वर्षांनी तळाशी होनिंगच्या तिरक्या रेघा शाबूत,
नखाला वरची कड लागते न लागते.
मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची भीती वाटली.
देवळालीचा नेव्हिल यावर टर्बो चढवणार आहे.

बाटलीतलं रॉकेल डेकवर फासलं,
दहा मिनिटांनी कोरडं पुसलं,
पोरीच्या दप्तरातला खडू किसून वर भुरभुरला.
पांढरं. सगळं पांढरं. मुस्तकीमही वाकून बघतोय.
मग दुसऱ्या आणि तिसऱ्या बोअरच्या मध्ये
एक ओली रेघ वर आली,
बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत,
केसाएवढी, सावकाश.

कॅपवर कुणाचे ठिपके आहेत ते भेगेला वाचता येत नाही.

"दोन हजार कमी करतो."
नको.
"बरं. दुपारी ओझरचा एक पोरगा येणार आहे.
तो काही खडूबिडू किसणार नाही."
असं म्हणून त्याने रेघेवरून फडका फिरवला,
रागाने नाही, दुकान आवरावं तसा.

मी पाना मागितला.
मधल्या कॅपचे दोन बोल्ट सोडवले.
हिचे किती?
"एकटीचे? ती काय कामाची? अन् तिच्याशिवाय हा काय कामाचा?"
तेच तर.
तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, अर्धा.
"तीन हजार."
अडीचला तुटलं.

मी बाहेर पडले तेव्हा मागे तो पोराला
वजनकाटा मोकळा करायला सांगत होता.

स्वेटरच्या खिशात गेजशेजारी कॅप,
अजून बर्फासारखी गार.
नेव्हिलचे दोन मिस्ड कॉल.
द्वारकेपर्यंत चालत जाईन म्हणते,
तेवढ्यात ऊबही धरेल ती,
आणि त्याला काय सांगायचं तेही सुचेल.