सांधेवालीचे पाय

पहिल्या दिवशी ग्लाफिरानं माझं नाव विचारलं नाही.
म्हणाली, बूट काढ.

उणे एकतीस. फाटकाजवळची खोपटी,
शेगडीवर काळी किटली,
आणि मी, शहरातून घेतलेल्या लाल बुटांत,
आत नायलॉनचे मोजे, एकावर एक.
मोजे तिनं चिमटीत धरले, मेलेल्या उंदरासारखे.
"घट्ट बुटात पाय गुदमरतो. गुदमरला की घामेजतो.
घाम म्हणजे पाणी, पाणी म्हणजे बर्फ.
एवढं गणित तरी झालंय ना शाळेत?"

मग फ्लॅनेलचा एक चौकोन बाकावर पसरला,
माझं पाऊल त्यावर तिरकं ठेवलं,
एक टोक बोटांवरून, एक तळव्याखालून,
तान्ह्याला दुपट्यात बांधावं तसं.
"चुणी राहिली की दुपारी फोड,
संध्याकाळी लंगडी.
उद्या तू बांधायचं. परवा डोळे मिटून."
वरून नमद्याचा बूट, दोन नंबर मोठा,
तळाशी वर्तमानपत्राची घडी.
आठवड्यानं पाहिलं तर टाचेवर उमटली होती
उलट्या अक्षरांत
कुठल्याशा धरणाच्या उद्घाटनाची बातमी.

काम साधं. रुळांचे सांधे मोकळे ठेवायचे.
झाडू, पहार, फावडं, पुन्हा झाडू.
सांधा अडला तर उरलचा कोळसा
भलत्याच गावी जायचा.
आमचे सांधे कुरकुरत,
त्यांची नोंद वहीत होत नसे.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
आमचं मागणं एवढंच,
की ती तळपायातच राहावी,
निदान पाळी संपेपर्यंत.

जानेवारीत एका पहाटे साव्हेलीनं वाफेचा पाइप लावला.
गोठलेला सांधा सुटला, आणि सगळं पाणी
माझ्या उजव्या पायाखाली.
नमदा प्यायला. नमदा काहीही पितो.
आधी ऊब वाटली, खोटं कशाला बोलू, सुख वाटलं.
मग टोचलं.
मग काहीच नाही.

दुखतंय तोवर पाय तुझा, ग्लाफिरा सांगायची.
खोपटी सहाशे पावलांवर,
गाडी अकरा मिनिटांवर.
तिनं मला पालथ्या बादलीवर बसवलं,
कोटात हात घातला, स्वेटरच्या आत, त्याच्याही आत,
आणि पोटाशी धरलेली कोरडी पट्टी काढली.
पावासारखी गरम.
तिला थोडा कांद्याचा वास होता.
पट्टी बांधली, मग स्वतःचा बूट उपसून
माझ्या पायात घातला.
तेव्हा दिसलं, तिच्या उजव्या पायाला बोटं दोनच.
"बाकीची अठ्ठावन्न साली इथेच ठेवली,"
कुणाला उसनी दिल्यासारखं म्हणाली.

उघडा पाय तिनं आपल्या केसाळ टोपीत खुपसला,
टोपीचे कान घोट्याभोवती गाठ मारून बांधले.
"हसू नकोस."
मी हसले नव्हते.
डोक्याला रुमाल, पायात टोपी,
अशी ती कंदील धरून उभी राहिली.
बेचाळीस डबे गेले.
चालकानं काय पाहिलं कोण जाणे,
शिटी जरा लांबच वाजली.

आता सांध्यांना विजेच्या तारा आहेत, बर्फ आपोआप वितळतो.
खोपटी जळणात गेली.
ग्लाफिरा लेकीकडे, पाचव्या मजल्यावर.
रेडिएटर इतका तापतो की खिडकी उघडी ठेवावी लागते.
"इथे पाय आहेत हेच विसरायला होतं," कुरकुरते.

परवा गेले तर न्हाणीतून तशीच आली दार उघडायला.
लाकडी जमिनीवर न्हाणीपासून दारापर्यंत ओले ठसे:
पाच बोटं, दोन बोटं,
पाच बोटं, दोन बोटं.
चहा, खुशाली, सगळं राहिलं बाजूला.
दारातूनच मी ओरडले तिच्यावर,
"पाय पुसा आधी!"
आणि वाकून, माझ्याच गळपट्ट्यानं,
बोटांच्या मधली जागासुद्धा,
जिथे बोटं नाहीत तिथलीही.