कोपऱ्यातलं नाव

सर्जेराव इंगवल्याचा मोडका कान
मी टिपला गंगावेशीच्या तालमीत,
पहाटे, हौदाची माती गार असताना.
त्याआधी आठ दिवस नुसता बसून होतो.

आता तो कान प्रोटीनच्या डब्यावर आहे.
शाहूपुरीतल्या कुणा साहेबांच्या
वाढदिवसाच्या पोस्टमध्येही.
काल मावशीनंच पाठवला मला :
शुभ सकाळ, खाली दोन गुलाब.
कोपऱ्यातलं माझं नाव
नखानं खरवडावं तसं गेलेलं.

एकाला लिहिलं.
उत्तर आलं, भावा, नेटवरचं हाय, चालतंय की.

तणतणत तालमीत गेलो, मोबाईल पुढं धरला.
सर्जेराव थंडाई घोटत होता.
बघितलं, हात पुसले.
"कान माझाच की.
तू तरी इचारलं हुतंस व्हय?"

पेला मात्र
काठोकाठ भरून दिला.