चवीपुरतं

रूवीत, तिसऱ्या मजल्यावर, उजेडाची खिडकी एकच. पश्चिमेची.
तिच्यापाशी टेबल ओढलं.
परतवायला थर्माकोलचा तुकडा, अडवायला काळा पुठ्ठा,
आणि खैरूनचाचींची तांब्याची परात.
घासू नका, म्हणून हात जोडले होते मी.
त्यांनी चिंच लावून घासलीच.
आता तिच्यात माझं कपाळ येतंय, ट्रायपॉडचे पाय येतायत.

पान एक्केचाळीस. सुरमईचं कालवण.
सीबच्या बाजारातली, तिथं तिला कनद म्हणतात.
रोज्यांचा एकविसावा दिवस.
चाची वाटीकडे न बघता मीठ टाकतात.
"चाखून तरी बघा."
"जिभेच्या टोकाला चालतं, म्हणतात. मला नाही चालत."
"मग पुस्तकात किती लिहू?"
"लिही, चवीपुरतं."
"कुणाच्या?"
त्यांनी गॅस बारीक केला.

मला रोजा नाही. तरी पाणी
बाथरूमात जाऊन, नळ सोडून प्याले.

मग माझं काम.
रश्शाखाली उपडी वाटी, म्हणजे तुकडे बुडत नाहीत.
वर ब्रशनं तेल. कोथिंबिरीला चिमट्यानं उभं केलं,
ग्लिसरीनचा एक थेंब दिला.
चाची दारातून बघत होत्या.
"म्हणजे आहे थोडं, दिसतं भरून?"
"हो."
"आमच्या हर्णैला उलटं.
खाणारी तोंडं वाढली की दोन तुकडे तळाशी दडवायचे.
शेवटी येणाऱ्यासाठी."
शेवटी कोण यायचं, ते मी विचारलं नाही.
भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाच्या हातात
जहाजावरची टोपी होती.

इथला सूर्य समुद्राची वाट बघत नाही.
बोडक्या डोंगरामागे लवकरच जातो.
उजेड संपला, आणि अजानला अजून अर्धा तास होता.
काढायला काही नाही, खायला काही नाही.
आम्ही दोघी टेबलाशी बसलो,
मधे चकाकणारं, कुणीच न खाण्याचं ताट,
आणि स्वयंपाकघरातून खऱ्या पातेल्याचा वास.

अजान झाली. खजूर. पाणी.
भाताची वाफ कॅमेऱ्यासाठी थांबलीच नसती, अशी निघाली.
चाचींनी पळी थेट तळाला घातली,
दोन तुकडे आले. दोन्ही माझ्या ताटात.

मी घास घेतला. "छान झालंय," म्हणाले.
त्यांनी घेतला. थांबल्या.
मग काही न बोलता
माझ्या ग्लासात पाणी ओतलं,
काठोकाठ.