पान हलतं तेव्हा

फेब्रुवारीतला मंगळवार. तार्तूत नदी गोठलेली.
दोन म्हातारी माणसं आत आली,
पायपुसण्यावर बूट आपटून बर्फ झाडला
आणि केबलींच्या भिंतीपुढे उभी राहिली
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी.

एंडला पियानो वाजवतात. टॅब्लेट पुतण्यानं दिलेला;
वर्षभर त्यावर फक्त हवामान पाहिलं.
आता सगळी स्वरलिपी त्यात भरून घेतलीय,
चार खोकी कागद, म्हणाल्या, आणि वजन एका पावाएवढं.
"ह्याला काय काय लागेल ते दाखवा."

मी सवयीनं महागापासून सुरुवात केली.
कीबोर्डचं कव्हर.
"कीबोर्ड आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या,
"अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा."
पेन घेतलं, बोटांच्या खुणा लिहायला.
चकाकी घालवणारी फिल्म घेतली, कारण सभागृहातला दिवा
नेमका तिसऱ्या ओळीवर पडतो.
स्टँड तीन पाहिले. पहिला डुगडुगला.
दुसरा फार देखणा होता, म्हणून नको.

सोबतचे काल्यू तोवर गप्प.
पान उलटायचं पेडल मी काउंटरवर ठेवलं
तेव्हा ते पुढे आले,
तळहातानं दाबून पाहिलं. खट्.
"मोठ्यानं बोलतंय."
दुसरं कानाशी नेऊन दाबलं,
कलिंगड पारखावं तसं.
"हिच्या संथ भागात हे खोकल्यासारखं ऐकू येईल."
तिसरं. चौथं.
"तुम्हीही वाजवता?" मी विचारलं.
"नाही. मी पान उलटतो."

एकतीस वर्षं.
दिवसा डेअरीत हिशेब, संध्याकाळी काळा कोट,
तिच्या डाव्या हाताला खुर्ची.
वेळ आली की उठायचं, वरचा कोपरा चिमटीत धरायचा,
आपली सावली पट्ट्यांवर पडू द्यायची नाही
आणि टाळ्या वाजल्या की खाली बघायचं.
एंडलांचं पान त्यांच्याशिवाय हलत नसे,
हे मी अगदी शब्दशः सांगतेय.

आता डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलंय.
कडा दिसतात, खिडकी, बाईंची बाही;
जिथे बघावं तेवढंच दिसत नाही.
म्हणून आपल्या जागी यायचं यंत्र
ते स्वतः निवडायला आले होते,
आणि एकही पसंत पडत नव्हतं.

एंडला स्टुलावर बसल्या. पेडल खाली ठेवलं.
उजवा पाय कामात. डावाही निम्मा वेळ कामात.
"तिसरा पाय विकता का तुम्ही?"

मी खोक्याची मागची बाजू वाचत होते
(खरं सांगायचं तर पहिल्यांदाच).
"हे बिनतारी आहे," म्हणाले, "दहा मीटरवरून चालतं.
वाजवणाऱ्याच्याच पायाखाली हवं
असं ह्यात कुठे लिहिलेलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली, काच थरथरली.
"मला स्वर दिसत नाहीत, एंडला."
"तू कधी पाहिलेस ते?
तू माझ्या मानेकडे बघतोस.
एकतीस वर्षं मला मानेवर कळतंय."

काल्यूंनी हळूच एक बूट काढला.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं,
ते त्यांनी पाऊल वळवून लपवलं.
सगळ्यात मुकं पेडल, एकोणनव्वद युरोंचं,
खाली रबराची चटई, ती आणखी बारा.

एंडलांनी काउंटरच्या काचेवर बोटं टेकली
आणि वाजवायला लागल्या.
आवाज नाही, फक्त नखांची टिकटिक,
खालच्या कप्प्यात चार्जर मांडलेले,
त्यांच्यावरून धावणारा हात.
दुकानातलं गिऱ्हाईक थांबलं. मी बारकोडचं यंत्र खाली ठेवलं.
त्यांची मान किंचित उजवीकडे कलली,

आणि पान हललं.

ओळ संपायला अजून दोन मात्रा होत्या, मलासुद्धा दिसलं.
"थोडं लवकर झालं," मी म्हणाले.
"नाही," एंडला न थांबता म्हणाल्या,
"इथे तो नेहमीच लवकर असतो."